फिरायला गेलेली काठी

शेवटच्या देवळापासून निघालेली बस डोंगर उतरून ताकामात्सु शहरात शिरली. स्टेशनसमोर आम्ही उतरलो, आणि आत्याबाई फुटपाथवर जागच्या जागी उभ्या राहिल्या. पाठीवर पिशवी, अंगात यात्रेकरूंचा पांढरा डगला, त्याखाली सातारी पद्धतीनं खोचलेलं नऊवारी, हातात छोटी घंटी बांधलेली काठी. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखे वाहत होते. मी घाबरले. मी तेव्हा कशालाही घाबरत असे. पासपोर्टाची पिशवी गळ्यात आहे ना हे दर चौकाला चाचपून बघायची माझी खोड त्या दीड महिन्याच्या पायपिटीतही गेली नव्हती. "आत्याबाई, पाय दुखतात का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "दुखत नाहीत गं. कुठं जायचं ते त्यांना कळंना. इतके दिवस पुढचं देऊळ, पुढचं देऊळ. आता पुढं काहीच नाही की." असं म्हणून त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की सिग्नलला थांबलेल्या शाळकरी पोरी वळून बघायला लागल्या आणि मग त्याही हसल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे बार्शीला सासूला आत्याबाईच म्हणतात. मी लग्न होऊन जपानला आले ती आठवीतून शाळा सुटलेली मुलगी होते. हे टोकियोत निशी-कसाईला एका भारतीय हॉटेलात आचारी, आणि आमचं घर ओजिमाला, सरकारी इमारतीत, वरच्या मजल्यावर. शेजारी पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, त्यांच्या बायका लिफ्टमध्ये मराठीत इंग्रजी कालवून बोलायच्या. मी 'हो ना' म्हणायची आणि माझा मजला यायची वाट बघायची. मग एकदा यांच्या उजव्या हातावर कढईतलं तेल सांडलं. बोटं आखडली. आचाऱ्याचा हात गेला तर सगळंच गेलं. आत्याबाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून धावत आल्या. खालच्या मजल्यावर मोरी-सान म्हणून आजी राहायच्या. त्या शिकोकू बेटावरच्या. त्यांनी तिथल्या संताची, ज्याला सगळे दाइशी म्हणतात त्याची, एक छोटी तसबीर यांच्या उशाशी आणून ठेवली आणि खुणांनी सांगितलं की त्याच्या अठ्ठ्याऐंशी देवळांची प्रदक्षिणा चालत करतात. आत्याबाईंनी तसबिरीला हळदकुंकू लावलं आणि तिथंच बोलून टाकलं, की पोराची बोटं वळू देत, मी चालत येईन. बोटं वळली. देव कुठल्या गावचा, कुठल्या भाषेचा, याची चौकशी त्यांनी केली नाही. "काम केलं त्यानं. आता मजुरी द्यायला नको?" एवढंच त्यांचं म्हणणं. आणि त्यांना एकटं कोण सोडणार, म्हणून बरोबर मी.

आता काठीचं सांगायला हवं. या यात्रेत काठी म्हणजे काठी नसते, ती म्हणजे स्वतः दाइशी. तो तुमच्याबरोबर चालतो. म्हणून मुक्कामाला पोचलं की आपले पाय धुवायच्या आधी काठीचं टोक धुवायचं, फडक्यानं पुसायचं आणि काठी खोलीतल्या चांगल्या जागी उभी करायची. हे नियम आत्याबाईंना एकदाच सांगावे लागले, आणि ऐकताच त्यांचा चेहरा असा खुलला की जणू माहेरचं कोणी भेटलं. पाहुण्याचे पाय धुवायचे, त्यात नवीन काय? त्यांनी फक्त भर घातली. रोज सकाळी निघताना काठीला वरपासून खालपर्यंत हळदीचं बोट ओढायचं आणि मुठीखाली कुंकू. हळदीची पुडी त्या पदराच्या गाठीत बांधून हिंडत. महिनाभरात ती काठी अशी पिवळीधमक झाली की वाटेत भेटलेले जपानी यात्रेकरू आधी वास घेत आणि मग विचारत, "कारे?" म्हणजे करी. आत्याबाई मान डोलावून म्हणायच्या, "तुझा देव जेवून निघालाय बाबा."

यात्रा संपली की पुष्कळ लोक शेवटच्या देवळात काठी ठेवून येतात. मी माझी ठेवली. आत्याबाईंनी साफ नकार दिला. "इतके दिवस पाय धुतले आणि आता डोंगरात सोडून जाऊ? घरी नेणार." पण त्या काठीत माझाही जीव अडकला होता, तो वेगळ्या कारणानं. वाटेत एका घाटात पावसानं वाट निसरडी झाली होती. आत्याबाईंचा पाय सुटला, मी त्यांना कमरेला धरलं आणि आम्ही दोघी चिखलात बसलो. धाप लागलेली असताना त्यांनी विचारलं, "तुला काय पाहिजे गं सुलू? कधी काही मागत नाहीस." आणि माझ्या तोंडून निघून गेलं की मला रात्रशाळेत जायचंय. ओजिमाहून जवळ एक होती, मोठ्या माणसांसाठी, ज्यांची शाळा अर्धवट सुटली त्यांच्यासाठी. परदेशी लोकांनाही घेत. मोरी-सान आजींनीच दाखवली होती. मी यांना विचारलं तेव्हा हे म्हणाले, "आणि रात्री घर कोण बघणार? लोक काय म्हणतील, आचाऱ्याची बायको दप्तर घेऊन निघाली?" आत्याबाईंनीही तेव्हा यांचीच री ओढली होती. पण त्या घाटात, चिखलात बसून, त्यांनी काठी उभी धरली, तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "घरी गेलो की या काठीवर हात ठेवून बाळूला सांगते. तू शाळेत जाणार." बाळू म्हणजे हे.

हात ठेवून, हे महत्त्वाचं. आत्याबाईंच्या शब्दाची आमच्या घरात एक रीत होती. नुसता दिलेला शब्द त्या शब्द मानतच नसत. माझ्या मोठ्या जावेला त्यांनी एकदा नथ कबूल केली होती. वर्षानं तिनं आठवण केली तर म्हणाल्या, "हात ठेवला होता का कशावर? नाही ना? मग ते बोलणं होतं." तुळशीवर, देव्हाऱ्यावर, पोथीवर, कशावर तरी हात ठेवून बोललेलं तेवढंच खरं, बाकी सगळं बोलणं. तेव्हा माझी शाळा त्या काठीवर उभी होती, अगदी शब्दशः, आणि ती काठी ओजिमाला पोचेपर्यंत मला चैन नव्हतं. पासपोर्टाच्या जोडीला मी आता काठीही चाचपू लागले होते.

ताकामात्सुत आम्ही जिथं उतरलो ते नाकानिशी-सान नावाच्या बाईंचं घरगुती लॉज होतं. बंदराच्या बाजूला, एका बोळात. तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, दोन खोल्या, मागं अंगण, अंगणात कपडे वाळत घालायचे बांबू. दिवसभर बेटांवर जाणाऱ्या बोटींचे भोंगे ऐकू यायचे आणि मधून मधून छोट्या रेल्वेच्या फाटकाची घंटा, टिंग टिंग टिंग, अगदी कुणीतरी आरतीला उशीर झाल्यासारखी वाजवतंय अशी. नाकानिशी-सान सत्तरीच्या, बारीक, हसताना तोंडावर हात धरणाऱ्या. त्यांना मराठी येत नव्हतं, आत्याबाईंना जपानी येत नव्हतं, आणि पहिल्याच संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात बसून गप्पा मारत होत्या. मी दुभाषी म्हणून गेले तर दोघींनीही मला हातानं बाहेर घालवलं.

ठरलं होतं असं, की एक दिवस विश्रांती आणि मग टोकियोची गाडी. त्या एका दिवसात आत्याबाईंनी मला जेवढं लाजवलं तेवढं सबंध प्रदक्षिणेत लाजवलं नव्हतं. सकाळी उठून बघते तो बाई पुन्हा पांढरा डगला घालून तयार. मी म्हटलं, "आत्याबाई, यात्रा संपली. आता साधे कपडे घाला." तर म्हणाल्या, "घरी पोचल्याशिवाय यात्रा संपते होय? विचार तुझ्या नाकानिशीला." मी विचारलं. ती दगाबाज म्हातारी म्हणाली, खरं आहे, घरी पोचेपर्यंत यात्रेकरूच. झालं. या बेटावर यात्रेकरूला काहीतरी द्यायची रीत आहे, आणि दिलेलं नाकारायचं नाही अशीही रीत आहे. आत्याबाईंना दुसरी रीत फार आवडायची. छपराखालच्या बाजाराच्या लांबलचक गल्लीत आम्ही शिरलो तेव्हा हात रिकामे होते. बाहेर पडलो तेव्हा दोन पिशव्या संत्री, तांदळाचे पापड, साखरेच्या इवल्या फुलांची पुडी आणि एका आजोबांनी दिलेले दोन जोडी मोजे. मी प्रत्येकाला वाकून वाकून पाठ मोडून घेतली. मला वाटत होतं की कोणीतरी येऊन विचारणार, यात्रा झाली ना तुमची, मग हे काय? आत्याबाई मात्र ऐटीत काठी टेकत चालत होत्या. "कशाला गं एवढी वाकतेस? त्यांना पुण्य पाहिजे, आपण घेतोय म्हणून तर त्यांना मिळतंय. उपकार आपले आहेत."

आणि ते उदोन! या शहरात सकाळी नाश्त्यालाच जाडजूड शेवया खातात. माशाचं पाणी नको, हे एक वाक्य मी चालता चालता पाठ केलं होतं. त्यामुळे आम्हाला नुसत्या गरम शेवया, वर सोयाचे चार थेंब, किसलेलं आलं आणि लिंबू. माझ्या शेजारी कोटातला एक साहेब फुर्रर्र करून अशा जोरात शेवया ओढत होता की मला लाज वाटली. आत्याबाईंनी डोळे मोठे केले. "मोठ्यानं ओढलेलं चालतं होय इथं?" चालतं, म्हटलं, उलट चांगलं समजतात. मग काय विचारता! बार्शीला चाळीस वर्षं पदर तोंडावर धरून जेवलेल्या बाईनं त्या सकाळी अशी फुर्र लावली की तो साहेब थांबून बघायला लागला. मग त्यानं आदरानं मान लववली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. माझ्या पिशव्या बांधून झाल्या. आत्याबाई म्हणाल्या, "बोळाच्या तोंडाशी छोटं देऊळ आहे, पाया पडून येते," आणि काठी घेऊन गेल्या. परत आल्या त्या रिकाम्या हातानं. दारातच चप्पल न काढता उभ्या. "सुलू, घात झाला. दाराशी छत्र्या ठेवायची मांडणी होती, त्यात काठी ठेवली. पाया पडून आले तर काठी नाही."

मी धावत त्या देवळाकडे गेले. मांडणीत एक तुटकी छत्री आणि एक झाडू. मला कळेना. या देशात रेल्वेत विसरलेली छत्री चौकीत तुमची वाट बघत बसते, तिथं देवाची काठी कोण नेणार? मी परत आले आणि म्हटलं, पोलीस चौकीत जाऊ. जी बाई प्रत्यक्ष दाइशीला 'अरे-तुरे' करते, वाटेत एका पुजाऱ्याला 'तुझी घंटा गंजलीय' म्हणून सांगते, ती अचानक म्हणाली, "तू जा आत. मला पोलिसांचं वावडं आहे." आणि बाहेर थंड पेयांच्या यंत्राशेजारी पाठ करून उभ्या राहिल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण काळजी करणाऱ्या माणसाची एक गंमत असते, त्याला काळजीपलीकडचं काही दिसत नाही. आत तरुण पोलीस फार अदबीचा. त्यानं काठीचं चित्र काढलं, विचारलं, काही खूण? मी सांगितलं, पिवळी आहे. आणि वास? त्यानं विचारलं नव्हतं, मीच सांगितलं. त्यानं चित्राशेजारी काहीतरी लिहिलं आणि हसू दाबलं.

मी नाकानिशी-सानकडे आणखी मुक्काम मागितला, तिकिटं बदलली. फोनवर यांना सांगितलं. हे तिकडून वैतागले, "काठीसाठी? आईला म्हणावं, दुसरी घे ना!" आत्याबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "बाळू, ज्यानं तुझा हात दिला त्याला दुसऱ्या गावात टाकून येऊ? तुला असा टाकून आले असते तर?" यांनी हळूच विचारलं, "मी जेवू काय?" "तू आचारी आहेस ना रे?" असं म्हणून आत्याबाईंनी फोन बंद केला.

मग सुरू झाला आमचा शोध. शोध कसला, आत्याबाईंचं शहरदर्शन. त्या म्हणाल्या, "किल्ल्यात बघू." मी म्हटलं, किल्ल्यात काठी कशी जाईल? "देव आहे, फिरायला गेला असेल." किल्ला समुद्राकाठी, खंदकात समुद्राचंच पाणी, आणि त्यात मोठाले लाल मासे. माशांना खाऊ घालायची सोय होती. आत्याबाईंनी इतका खाऊ घातला की मासे सुस्त झाले. मग मोठ्या बागेत. तिथली पाइनची झाडं शेकडो वर्षं कापून, वळवून, बसवून ठेवलेली. आत्याबाई एका झाडासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे झाड म्हणजे आमच्या घरची थोरली सून." मला हसू आलं आणि भीतीही वाटली, कोणी ऐकलं तर! तिथं तळ्याकाठी हिरवा चहा मिळाला. आत्याबाईंनी तो कडू चहा एका दमात पिऊन मला डोळा मारला. सासू डोळा मारते हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी बाजाराच्या गल्लीत यंत्रातल्या पंजानं खेळणी उचलायचं दुकान. तिथंही काठी असू शकते, असं त्यांचं म्हणणं. पंजा खाली जायचा, कापसाचं अस्वल धरायचा आणि वर येता येता सोडून द्यायचा. आत्याबाई त्याच्याशी बोलत होत्या, "धर की मेल्या. जेवला नाहीस का?" आजूबाजूला कॉलेजची पोरं जमली. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण अस्वल पडलं की सगळी मिळून आत्याबाईंच्या सुरात 'अऽऽरे' म्हणायला लागली. शेवटी अस्वल निघालंच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी एका बाजूला उभी राहून मनात म्हणत होते, देवा, माझी शाळा कुठल्या मांडणीत पडली असेल? आत्याबाईंना मी दोनदा विचारलं, "काठी नाही सापडली तर घाटातल्या शब्दाचं काय?" पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "सापडेल गं." दुसऱ्यांदा त्यांनी माझ्या हातात अस्वल दिलं.

आज मागं बघते तेव्हा वाटतं, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी सुट्टी होती आणि मी ती सबंध काळजीत घालवली. समुद्रावरून येणारं खारं वारं, भाजलेल्या तिळाचा वास, बाजाराच्या काचेच्या घुमटावर पडणारं तिरपं ऊन, सगळं मला नीट आठवतं. याचा अर्थ डोळे उघडे होते. मन तेवढं मांडणीतल्या झाडूपाशी उभं होतं.

तर त्या संध्याकाळी परत आलो. आत्याबाई अस्वल उशाला घेऊन आडव्या झाल्या. मी गरम पाणी मागायला मागच्या दारानं स्वयंपाकघराकडे गेले. अंगणाच्या कडेला, नळापाशी, नाकानिशी-सान उकिडव्या बसल्या होत्या. समोर लाकडी घमेलं. त्यांची पाठ माझ्याकडे. त्या हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होत्या आणि फडक्यानं काहीतरी पुसत होत्या. मग त्या उठून आत गेल्या. मी पुढं होऊन बघितलं. घमेल्यातलं पाणी पिवळं होतं. फडक्यावर पिवळा डाग. मी वाकून वास घेतला. शिकोकू बेटावर, जपानी बाईच्या घमेल्यात, बार्शीच्या डंकावर कुटलेल्या हळदीचा वास.

मला सगळं एकदम लख्ख कळलं. काठी कुठंही गेली नव्हती. आत्याबाईंनी ती सकाळीच मागच्या दारानं नाकानिशी-सानकडे दिली होती, आणि ही बिचारी बाई दाइशी घरी मुक्कामाला आहे म्हणून संध्याकाळ होताच, रीतीप्रमाणे, त्याचे पाय धूत होती. त्या दोघींच्या कटाला फोडणारी हीच रीत निघाली. लपवलेला असला तरी पाहुणा तो पाहुणा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. कोनाड्यात, फुलदाणीशेजारी, आमची पिवळी काठी छान टेकून उभी होती. नाकानिशी-साननी मला पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग त्यांनी आत्याबाईंची नक्कल करून दाखवली. ओठांवर बोट, मग माझ्या खोलीकडे बोट, मग दोन हात गालाखाली धरून झोपेची खूण, मग बोटं चालवत शहराकडे. झोपायचंय, फिरायचंय, हिला सांगू नकोस.

माझ्या मनात मात्र त्या खुणांचा अर्थ वेगळाच लागला. मला वाटलं, ही शब्द मोडायची तयारी आहे. काठी नाही म्हणजे हात ठेवायला काही नाही, म्हणजे घाटातलं ते सगळं बोलणं. नथीसारखं. मला इतका राग आला की भीती वाटायची राहूनच गेली. हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच होत होतं. मी नाकानिशी-सानसमोर वाकले आणि माझ्या तुटक्या जपानीत म्हटलं, दाइशींना माझ्याबरोबर पाठवा. त्यांनी क्षणभर विचार केला. डोळे बारीक केले. आणि दोन्ही हातांनी काठी माझ्यापुढे धरली. म्हातारी आता दोन्ही बाजूंनी खेळायला तयार झाली होती.

काठी लपवायची कुठं? आमची खोली एकच, कपाट एकच. मी अंगणात बघितलं. वाळत घातलेला आत्याबाईंचा पांढरा डगला बांबूवर होता. इथं किमोनो वाळवतात तसा, एका बाहीतून काठी घालून दुसऱ्या बाहीतून बाहेर. मी बांबू काढला आणि त्याच्या जागी दाइशींना घातलं. वाजू नये म्हणून मुठीवरची घंटी तेवढी सोडवून खिशात टाकली. डगला वाऱ्यावर हात पसरून उभा राहिला. बघणाऱ्याला काहीही कळलं नसतं.

सकाळी आत्याबाई "दही आहे का बघून येते" म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. जपानी लॉजमध्ये दही! मी पांघरुणाच्या घड्या घालत राहिले. त्या परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला. "मिळालं दही?" मी विचारलं. "न्... नाही." त्यांनी चपलांच्या मांडणीखाली बघितलं. मग कपाट उघडलं. मग अंगणात गेल्या, डगल्याखालून दोनदा वाकून गेल्या आणि नळामागं बघून आल्या.

"काही हरवलं का, आत्याबाई?"

"हरवायचं काय राहिलंय? आधीच हरवलंय."

"खरंच. मग आज कुठं शोधायचं? बोटीनं बेटावर जाऊ या? देव फिरायला गेला असेल."

त्या मटकन बसल्या. भात तसाच, चहा तसाच. नाकानिशी-सान ताट न्यायला आल्या तर आत्याबाईंनी त्यांच्याकडे डोळ्यांनी विनवणी केली. त्या बाईनं अशा निर्विकारपणे खांदे उडवले की मला ते आजही जमत नाही.

"बेटावर नको," आत्याबाई म्हणाल्या. "आज खरंच शोधायचं."

"खरंच म्हणजे?"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. बाहेर बोटीचा भोंगा वाजला, लांबलचक. आत्याबाईंनी पदराची हळदीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "मीच लपवली होती गं," त्या म्हणाल्या. "नाकानिशीकडे दिली होती. आता तिथंही नाही. खरंच गेला तो. रागावून गेला."

"का लपवली?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "शाळेचा शब्द मोडायला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना लागलं होतं. "तसं वाटलं तुला?" आणि मग म्हणाल्या, "काठी घरी पोचली की माझं परतीचं विमान. बार्शीत उतरले की मी पुन्हा आई, सासू, थोरली काकू. चूल माझी वाटच बघतेय. इथं मी कोण? कुणीच नाही. माशांना खायला घालतेय, अस्वल काढतेय. आयुष्यात कधी कुणीच नव्हते गं मी. म्हटलं, आणखी दोन दिवस."

राग कुठं गेला ते कळलं नाही. त्या पुढं म्हणाल्या, "आणि खरं सांगू? थोडं ते शाळेचंही होतं. तू शिकलीस की मला उलट उत्तरं द्यायला लागशील."

मी उठले. अंगणात गेले. डगल्याच्या बाहीतून काठी ओढून काढली, खिशातली घंटी लावली आणि आत येऊन त्यांच्यापुढं उभी केली. घंटी वाजली. आत्याबाईंचं तोंड उघडंच राहिलं. दोनदा त्या त्याच डगल्याखालून वाकून गेल्या होत्या.

"हे उलट उत्तर," मी म्हटलं.

दाराआडून पहिल्यांदा नाकानिशी-सानचं हसू फुटलं. मग आत्याबाईंचं. त्या हसता हसता आडव्या झाल्या, डोळ्यांतून पाणी. "अगं भवाने, देवाला वाळत घातलंस!" मी आयुष्यात पहिल्यांदा सासूसमोर पोट धरून हसले. मग मीच म्हटलं, "आत्याबाई, आज बोटीनं जाऊन येऊ. यांना सांगू, काठी अजून सापडत नाही." पासपोर्ट चाचपायचा राहिला, हे मला बेटावर पोचल्यावर कळलं.

टोकियो स्टेशनवर हे आम्हाला घ्यायला आले होते. डब्यातून उतरल्या त्या दोन पांढऱ्या डगल्यांतल्या बायका, कारण घरी पोचेपर्यंत आता मीही यात्रेकरूच, आणि एकीच्या काखेत अस्वल. यांनी आधी अस्वलाकडे बघितलं, मग काठीकडे. "सापडली वाटतं?" "सापडली. तुझ्या बायकोनं शोधली," आत्याबाई म्हणाल्या आणि प्लॅटफॉर्मच्या मधोमध काठी टेकवून उभ्या राहिल्या. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी वाहायला लागले. मी म्हटलं, आत्याबाई, घरी. त्यांनी ऐकलं नाही. यांनी पिशवी घ्यायला उजवा हात पुढं केला. तोच हात, भाजलेला, कातडी अजून गुलाबी, पण बोटं सरळ. आत्याबाईंनी तो मनगटाशी पकडला, काठीवर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवून दाबला.

"मी सांगणार होते," त्या म्हणाल्या. "पण हात तुझा आहे, तूच बोल. सुलू रात्रशाळेत जाणार."

"आई, लोक बघतायत. घरी बोलू."

"घरी बोललेलं बोलणं असतं. काठी जड आहे रे बाळू, आणि मला भूक लागलीय."

हे माझ्याकडे बघायला लागले. का कोण जाणे, मी खाली बघितलं नाही. हात काढायचा त्यांनी थोडा प्रयत्न केला, पण इतकं चालून आलेल्या बाईची पकड होती ती. शेवटी म्हणाले, "जाईल." "कोण?" "सुलू. शाळेत. जाईल." आत्याबाईंनी हात सोडला. यांच्या तळव्यावर हळद उमटली होती. ती पुसायला त्यांनी रुमाल काढला आणि मग तसाच खिशात परत ठेवला.

मी शिकले. फार नाही, पण जेवढं सुटलं होतं तेवढं. आज आमच्या भागात नवीन आलेल्या बायकांना कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा, ताप आला तर कुठं जायचं, हे मीच समजावून सांगते, आणि त्यातली एखादी पासपोर्टाची पिशवी चाचपताना दिसली की तिला चहाला घरी घेऊन येते. आत्याबाई विमानात बसताना काठी माझ्याकडे देऊन गेल्या. ती आमच्या बैठकीच्या खोलीत उभी असते, हळदीनं पिवळी. सगळ्यांना तिची गोष्ट ठाऊक आहे, त्यामुळे आमच्या घरात सहज म्हणून तिच्यावर कोणी हात टेकत नाही. मी घरात असताना तर नाहीच.